पुंडलिक अजून सेक्शनमध्ये आहे

रेल्वेतला माणूस म्हटला की लोकांना वाटतं, ह्याने मुलूख पालथा घातला असेल. गार्ड-ड्रायव्हरांनी घातला असेल बाबा. स्टेशन मास्तर एका खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या फिरण्याचा घोर लावून घेतो. मी उभ्या नोकरीत दुसरं काही केलं नाही. आता रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी नातीला शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी फाटकात जाऊन उभा. सूनबाई म्हणते, "मामा, येईल ना ती, आत बसा." बसवत नाही.

माझी बरीच नोकरी मानवत रोड ते परभणी या पट्ट्यातल्या एका बारक्या स्टेशनावर गेली. नाव लिहीत नाही. तिथे उतरणाऱ्यांपेक्षा न उतरणारेच जास्त, त्यामुळे लिहूनही कुणाला कळायचं नाही. तेव्हा आमची लाइन मीटरगेज आणि एकेरी होती. एकेरी म्हणजे जायला-यायला एकच रूळ. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्याला आम्ही सेक्शन म्हणतो, आणि सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी, हा आमचा पंचाक्षरी मंत्र. तो पाळायचा कसा? माझ्या टेबलाशेजारी लाल रंगाचं एक मशीन होतं, त्यात लोखंडी गोळे. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने तिकडून संमती दिली, घंटी वाजली, तरच माझ्याकडे एक गोळा बाहेर पडायचा. ते टोकन. चामड्याच्या पिशवीत घालायचं, पिशवी मोठ्या कडीला अडकवायची आणि ती कडी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ज्याच्याकडे टोकन, त्याचा सेक्शन. टोकन नसेल तर राजाची गाडी आली तरी हलायची नाही.

मानवतच्या बाजाराला जाणारा एक म्हातारा दर खेपेला खिडकीतून त्या मशीनला हात जोडायचा. मी विचारलं, "काका, हा काय देव आहे का?" तर म्हणाला, "हे वाजल्याबिगर तुमी कुनालाच जाऊ देत न्हाईत. मंग देवच की!" मला तेव्हा हसू आलं होतं.

मागच्या स्टेशनवरून गाडी सुटल्याची घंटी आली की माझा घोर सुरू व्हायचा. गाडी येण्याची वेळ व्हायची, टळायची, सिग्नल पाडून ठेवलेला असायचा आणि वळणावर धूर दिसायचा नाही. अशा वेळी मास्तरला काहीही करता येत नाही. सेक्शन अडलेला असतो, दुसरं कुणी आत सोडता येत नाही. नुसतं वाट बघणं. एकदा एक मालगाडी अशीच सेक्शनमध्ये हरवली. माझं निम्मं रक्त आटलं. शेवटी पॉइंट्समन पुंडलिकला झेंडी घेऊन रुळावरून पायी धाडलं. तो परत आला तो हसतच. "मास्तर, विंजनात बिघाड हाय म्हनतेत. पन डायवर-फायरमन दोघांच्या बी तोंडाला हुरड्याचा वास यायलाय." आणि त्याने खिशातून मूठभर गरम हुरडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून काही उशिरा यायला लागलं की मी मनाला सांगतो, हुरडा खात असतील. मन ऐकत नाही, ते वेगळं.

हा पुंडलिक खिल्लारे. लांब टांगांचा, काळासावळा, बोलणं मोजकं. पॉइंट्समन म्हणजे सांधे बदलणारा, सिग्नल ओढणारा आणि धावत्या गाडीला टोकन देणारा माणूस. मेल आमच्याकडे थांबायची नाही. पुंडलिक प्लॅटफॉर्मवर कडी उंच धरून उभा राहायचा, इंजिन अंगावर येतंय असं वाटायचं, फायरमन वाकून कडीत हात घालायचा आणि त्याच झपाट्यात मागचं टोकन पुंडलिकच्या हातात द्यायचा. एक द्यायचं, एक घ्यायचं. पुंडलिकच्या हातून कडी कधी पडली नाही. पण एका ड्रायव्हरला खोड होती. तो आपलं टोकन लांबूनच भिरकवायचा आणि पुंडलिक बाभळीच्या काट्यांत शोधत फिरायचा. दोन-चारदा त्याने सोसलं. मग एक दिवस गाडी आली आणि ह्याने कडी वर केलीच नाही. टोकन नाही म्हणून गाडीला ब्रेक मारून थांबावं लागलं. ड्रायव्हर वरून शिव्या घालतोय आणि हा खाली शांत. म्हणाला, "हातात द्या, हातात घ्या. फेकलेलं म्या उचलनार न्हाई." खुलासा मला लिहावा लागला. पण त्या ड्रायव्हरने पुन्हा टोकन फेकलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आगी लागल्या. आमच्या प्लॅटफॉर्मवरून लांबचा धूर दिसायचा. एका दुपारी पुंडलिक हिरवी झेंडी घेऊन उभा होता आणि रुळावरून डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई चालत येताना दिसली. ती त्याची आई होती, गयाबाई. त्यांच्या वस्तीतली घरं जाळली होती. झेंडी हातात तशीच धरून पुंडलिक तिच्याकडे बघत राहिला. गाडी निघून गेल्यावरच तो तिच्यापाशी गेला. तेव्हापासून गयाबाई त्याच्या क्वार्टरमध्ये राहायची. ते गाव स्टेशनापासून फार लांब नव्हतं, पण मायलेकांनी पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. मीही कधी विषय काढला नाही.

आता शर्यतीचं सांगतो. त्या आगीनंतर पाच-सात वर्षांनी परभणीच्या एका हौशी साहेबांच्या मनात आलं की सरकारी खात्यांची रिले दौड घ्यायची. मानवतला सुरू करून आडरस्त्याने गावं घेत परभणीला संपवायची. मॅरेथॉन हा शब्द आमच्यात तेव्हा नवा होता. रहीमभाई नावाचे आमचे गेटमन त्याला 'म्हारतान' म्हणायचे. एकाने पळायचं, ठरलेल्या जागी पुढच्याच्या हातात सागवानी दांडा द्यायचा, मग त्याने पळायचं. हे ऐकल्यावर रहीमभाई उडालेच. "मास्तरसाब, ये तो अपना धंदा हाय! हेच तर आपन रोज करते!"

झालं, स्टेशनची टीम उभी राहिली. दोन गँगमन, बुकिंग क्लार्क, रहीमभाई, पुंडलिक आणि ढेरीसकट मी. प्लॅटफॉर्मवर सराव सुरू झाला. त्यात नारायण गँगमनने आमची फजिती केली. रूळ सांभाळणाऱ्या गँगमनच्या हाडीमाशी एक सवय असते, मागून काही येतंय असं वाटलं की काम टाकून रुळाबाहेर व्हायचं. तसा हा गडी चांगला पळायचा, पण मागून पावलं वाजली की बाजूला होऊन उभा! किती समजावलं. म्हणायचा, "कळतंय मास्तर, पन पाय ऐकंनात."

शर्यतीच्या आदल्या दिवशी निरोप आला की रस्त्यातला एक नळकांडी पूल खचलाय म्हणून मार्ग थोडा बदललाय. नकाशा मी दोनदा बघितला. पुंडलिकचा टप्पा सगळ्यात लांब. तो आता त्याच्या गावामधून जात होता. पुढचा, शेवटचा टप्पा माझा, गावाच्या पलीकडे कालव्याच्या पुलापासून.

मी त्याला बाजूला घेतलं. "पुंडलिक, रहीमभाईंचा टप्पा तू घे. तुझा ते घेतील."

"कामून?"

"कामून म्हणजे? तुला माहीत नाही का?"

त्याने हातातली झेंडी गुंडाळून काखेत मारली. मग म्हणाला, "लोकांच्या गाड्या म्या रोज धाडतो मास्तर. आपली कामून आडवू?"

संध्याकाळी गयाबाई माझ्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच बसली. "मास्तर, माझ्या लेकराला त्या गावात एकटं धाडू नगा."

"अहो, दिवसाढवळ्या शर्यत आहे. पोलीस पळतायत, गुरुजी पळतायत."

"त्या दिवशी बी दिवसच हुता," ती म्हणाली. तिने पदर तोंडाला लावला. "तुमी सांगा त्याला, तितं थांबू नगंस. पानी सुदीक मागू नगंस. निस्तं निघून ये म्हनावं." मी शब्द दिला की त्याला सुखरूप आणून तुमच्यापुढे उभा करतो. असा शब्द मास्तरने देऊ नये. आपल्या हातात काय असतं? पण दिला.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या पुलाजवळ चुन्याच्या फक्कीने आखलेल्या गोलात मी अर्ध्या चड्डीवर उभा होतो. पंच म्हणून एक गुरुजी होते. त्यांनी नियम सांगितला. दांडा हातात आल्याशिवाय गोलाबाहेर पाऊल टाकलं तर टीम बाद. मी म्हटलं, "गुरुजी, हा नियम मला तुम्ही सांगू नका. ह्याच्यावर माझी भाकरी आहे."

पहिला पोलीस आला, मग वीज बोर्डाचा. नारायणने आपल्या टप्प्यात सगळ्यांना वाट करून दिलेली असणार, म्हणजे आम्ही मागे आहोत हे मी धरूनच चाललो होतो. पण पुंडलिक पुढच्यांना गाठणारा गडी. पाटबंधाऱ्याचा आला, एसटीचा आला. रस्ता पुन्हा मोकळा. मी वळणाकडे बघत राहिलो. गोलात उभा राहून मी मनातल्या मनात हिशोब करायला लागलो, रहीमभाईंनी दांडा दिला असेल, म्हणजे सुटल्याची घंटी आली. मग ओढा. मग गाव. गाव केव्हाच यायला पाहिजे होतं. हुरडा खात असेल, मी स्वतःला म्हटलं.

आणखी दोघं-तिघं येऊन गेले. एकाला मी ओरडून विचारलं, "आमचा रेल्वेचा गडी दिसला का हो?"

"गावात हाय! पान्यापाशी!"

"काय करायलाय?"

"उभाय!" असं म्हणून तो गेलाही.

उभाय? पुंडलिक शर्यतीत उभा? पाय मोडला असता तर बसला असता. दमला असता तर चालत आला असता. उभा कामून? माझ्या डोळ्यांपुढे ती रुळावरून येणारी गयाबाई यायला लागली. गुरुजी म्हणाले, "येईल हो मास्तर, दमला असेल." मी म्हटलं, "गुरुजी, तो दमत नाही."

सेक्शनमध्ये गाडी असताना मास्तरने आत शिरायचं नसतं. ही गोष्ट माझ्या अंगात इतकी भिनली होती की पाय खरोखर उचलेना. नारायणला हसलो होतो ना मी, आता माझेच पाय ऐकत नव्हते. शेवटी डोळे मिटले आणि फक्की ओलांडली. गुरुजी मागून ओरडले, "मास्तर, टीम बाद होईल!" मी म्हटलं, "होऊ द्या!" आणि उलट्या दिशेने पळत सुटलो.

पळालो कसला, ढेरी सावरत धापा टाकत गेलो. वळणावरून गाव दिसलं. गावावर धूर होता. जवळ गेल्यावर कळलं, चुलींचा धूर होता. सकाळची वेळ, बाया भाकरी करत होत्या.

वेशीजवळ लिंबाच्या झाडाखाली गावकऱ्यांनी पळणाऱ्यांसाठी पाण्याची सोय केली होती. रांजण, त्यावर जर्मनचा पेला, बाजूला तांब्या. पंचवीस-तीस माणसं गोल करून उभी. मधे पुंडलिक, घामाने निथळत, डाव्या हातात दांडा छातीशी धरलेला. त्याच्यासमोर त्याच्याच वयाचा एक जण तांब्या घेऊन उभा.

मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "काय झालं हो?"

"काय व्हायचंय? भानुदासनं समद्यांला पेल्यात पानी दिलं. ह्याला वळखलं, आन् तांब्यानं वरून वतायला लागला. तर ह्यानं वंजळ केलीच न्हाई. म्हन्तोय पेल्यात दे. कवाचा उभाय."

घोळक्यात कुजबुज चालू होती. एक जण म्हणाला, "माज आलाय, सरकारी नोकरीचा." दुसरा म्हणाला, "आरं, दे की टाकून पेला, कटकट कशाला?" दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या. गुराखी असतील, शेताला निघाले असतील, पण मला तेवढ्या काठ्याच दिसत होत्या. मी पुंडलिकच्या कानाशी गेलो. "पुंडलिक, चल बाबा. शर्यत गेली आपली. आई वाट बघतेय."

"तुमी जावा मास्तर. म्या पानी मागितलंय."

"मग दांडा तरी माझ्याकडे दे!"

"हितं कसा दिऊ? तुमचं टेशन फुडं हाय."

मला त्याचा राग आला, खरंच सांगतो. जिवाची पर्वा नाही आणि नियम पाळतोय! मग मला शक्कल सुचली. मी पुढे होऊन म्हटलं, "मला द्या हो पाणी." भानुदासने माझ्याकडे पाहिलं, गळ्यातलं लिंगायताचं लिंग पाहिलं, रांजणातून पेला भरला आणि माझ्या हातात दिला. मी तो तसाच पुंडलिकपुढे धरला.

पुंडलिकने मान हलवली. "तुमी न्हाई. त्यानं."

मी भरला पेला घेऊन वेड्यासारखा उभा. पिता येईना, ठेवता येईना. पेला काठोकाठ, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

"भान्या," पुंडलिक बोलला. आवाज चढवला नव्हता. "शाळंत पळायच्या शर्यतीत म्या पयला आन् तू दुसरा. आठवतंय का? पळून आलो की आपन दोघं कुटं पानी प्यायचो?"

भानुदासने तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"वढ्याला. तू बी वंजळीनं, म्या बी वंजळीनं. तवा तुजी वंजळ न् माजी वंजळ येगळी नव्हती. आता हितं पेला हाय. तू पेल्यानं पितूस, मंग म्या बी पेल्यानंच पिनार. न्हाई तर ऱ्हाऊ दे, म्या उभाय."

मला वाटलं, आता काठी पडते. सगळ्यात मागे पडलेला एक जाडजूड गुरुजी डुलत डुलत आला, "पाणी, पाणी" करत माझ्या हातातलाच पेला ओढून घटाघटा प्याला, रिकामा पेला रांजणावर ठेवला आणि "चला, चला, उशीर झाला" म्हणत निघून गेला. त्याला काय चाललंय त्याचा पत्ताही नव्हता. कुणीतरी खुसकन हसलं.

भानुदासने तांब्या खाली ठेवला. पेला उचलला. बुडवला. बाहेरून निथळू दिला. आणि हात लांब करून पुंडलिकपुढे धरला. तोंड मात्र वळवलेलं, रस्त्याकडे. पुंडलिकने उजव्या हाताने तो घेतला. वरून ओतून प्याला नाही, ओठाला लावून प्याला, सावकाश. शर्यतीतला माणूस इतका सावकाश पाणी पिताना मी पाहिलेला नाही. मग रिकामा पेला पुढे केला. रांजणावर ठेवला नाही. हातातच धरून उभा राहिला.

एवढ्यावर निघ की रे बाबा! पण तो मेलला टोकन देताना उभा राहायचा तसाच उभा होता. भानुदासने मान वळवली. पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघितलं. आणि पेला त्याच्या हातातून घेतला.

पुंडलिक लगेच वळला आणि पळत सुटला. मी मागे. गोलापाशी त्याने मला आधी आत उभं केलं, मग दांडा हातात दिला. गुरुजींनी सांगितलं, "तुम्ही बाद झालात." पुंडलिक म्हणाला, "आसू द्या. मास्तर, निघा." निघालो. परभणीत पोचलो तेव्हा कनात सोडून झाली होती आणि साहेब केव्हाच घरी गेले होते. रहीमभाई तेवढे टाळ्या वाजवत उभे होते.

मागाहून परभणीत आलेल्या पुंडलिकला मी परतीच्या पॅसेंजरमध्ये विचारलं, "तुला भीती नाही वाटली का रे?"

"लय वाटली," तो म्हणाला. "पाय कापायले होते. म्हनून तर उभा ऱ्हायलो. पळालो आसतो तर जल्मभर पळत ऱ्हायलो आसतो."

"आणि तो भानुदास? त्या वेळी, आगीच्या दिवशी, तो कुठे होता?"

"गावातच हुता. कुनाच्या बाजूनं, ते मला म्हाईत न्हाई." खिडकीबाहेर बघत तो पुढे म्हणाला, "आज बी न्हाई म्हाईत."

आमच्या स्टेशनावर गयाबाई घंटेच्या खांबाला टेकून बसली होती. बुकिंग क्लार्कच्या बायकोने सांगितलं, सकाळपासून अन्नाला शिवली नाही. पुंडलिक उतरला. तिने आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पाठीवरून, हातांवरून, कुठे काही लागलंय का बघत. दिलेला शब्द पाळला गेला होता, त्यात माझं कर्तृत्व शून्य. मी टोपी काढून बाजूला उभा राहिलो.

"येळ कामून झाला?"

"पानी पिलो."

तिचा हात थांबला. "कुनाच्या हातचं?"

"भान्याच्या. पेल्यानं."

गयाबाईने हात मागे घेतला. उभ्या जन्मात ती त्या गावच्या विहिरीवर चढली नव्हती. घागर खाली ठेवून, कुणी वरून ओतील याची वाट बघत काठाला बसून राहायची, असं तिनेच एकदा आमच्या मंडळींना सांगितलं होतं. ती रुळांकडे वळली, आगीच्या दिवशी ज्या बाजूने आली होती त्या बाजूला.

मग तिने विचारलं, "कसं लागलं?"

"मचूळ."

"म्हंजी त्याच हिरीचं हाय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली. "वैशाखात लय गोड लागतंय बग ते."